गाईडमामा

अहमदपुरात आलेला पाहुणा तिसऱ्या दिवशीही जायचं नाव घेईना, की आम्ही त्याला उदगीरचा किल्ला दाखवायला नेतो. शिरूर ताजबंदवरून पुढे गेलं, खंदक दिसला, की दारातच गाईडमामा उभे. त्यांना कुणी नेमलेलं नाही. पगार नाही, बिल्ला नाही. डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं आणि हातात बॅटरी. तिच्यात सेल असतातच असं नाही. मूळचे आमच्याच तालुक्यातले, त्यामुळे आपल्या माणसाला फी सांगत नाहीत. निघताना घेतात मात्र जास्त.

मामांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कोणतं गाव म्हणायचं?" ही नुसती चौकशी नसते. आत एक अंधारं भोक आहे, त्या भुयाराचं दुसरं तोंड या उत्तरावर ठरतं. लातूरकडचे असाल तर ते औशाच्या किल्ल्यात निघतं, नांदेडकडचे असाल तर कंधारला आणि कर्नाटकातून आलात तर थेट बिदरला. पुण्याच्या एका कुटुंबासाठी मामांनी ते शनिवारवाड्यापर्यंत खणलेलं मी या कानांनी ऐकलंय.

रंगमहालात आले की आवाज एकदम खानदानी होतो. "हिथं बेगम बसायची."

"कोणती बेगम?"

"मोठी."

किल्ल्यात अरबी-फारसी शिलालेख आहेत. मामा तेही वाचून दाखवतात. मंडळी सढळ हाताची वाटली तर मजकूर लांबतो, नाहीतर दोन ओळींत बादशहा आला आणि गेला. बोट मात्र शिस्तीत उजवीकडून डावीकडे फिरतं. तेवढी विद्या त्यांनी कुठून तरी रीतसर मिळवली आहे.

मामांचा खरा वैरी म्हणजे निवृत्त मास्तर. असे एक सहलीबरोबर आले आणि भुयारापाशी अडून बसले, "कशावरून?"

"सर, तुमी तवा होताव का?"

"नाही."

"म्या बी नव्हतो. मंग झाली की बरुबरी!"

सगळी पोरं हसली. मास्तरांनी पुढे चष्मा पुसण्यापलीकडे काही केलं नाही.

2019 साली 'पानिपत' सिनेमा आला आणि मामांचं काम वाढलं. लोक विचारू लागले, सदाशिवरावभाऊ झालेला अर्जुन कपूर कुठं उभा होता? मामांनी आठवड्याभरात एक बुरूज नेमून टाकला. आता तिथे फोटोसाठी रांग लागते.

गंमत अशी, की या माणसाला खरा इतिहासही येतो. शेवटी तटावर चढून, उपरण्यानं तोंड पुसून ते सांगतात: फेब्रुवारी 1760, सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथं नमवलं, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा कामी आल्या, 60 लाखांचा मुलूख तहात मिळाला. त्याच विजयाच्या जोरावर मार्चमध्ये भाऊ उत्तरेला निघाले आणि पुढच्या जानेवारीत पानिपत झालं. हे सांगताना बेगम नाही, भुयार नाही, एक शब्द पदरचा नाही. साल चुकत नाही, नाव चुकत नाही. अशा वेळी नेमकं कुणीतरी विचारतं, "मामा, संडास कुठंय?"

एकदा मी म्हटलं, मामा, खरं एवढं चांगलं येतं, मग त्या थापा कामून? म्हणाले, "खऱ्याला कोण पैशे देतंय, मालक? 60 लाख म्हनलं की लोक म्हंतेत, यवढ्यात तर आता पलाट बी यत न्हाई."

माझं मत विचाराल तर मामांना शंभरापैकी चाळीस गुण इतिहासाचे आणि साठ धंद्याचे. उदगीरला गेलात तर त्यांना जरूर गाठा, पैसेही नीट द्या. फक्त गाव आधी सांगू नका; भुयार कुठं निघतं ते त्यांनाच आधी सांगू द्या.