अंदाजपंत

अंदाजपंतांना सिनेमा आवडतो असं त्यांच्या घरचेही म्हणत नाहीत. त्यांना सिनेमा यायच्या आधीचा आठवडा आवडतो.

तोही वाटेल त्या सिनेमाचा नव्हे. कौटुंबिक, विनोदी, चरित्रपट वगैरे भानगडीत पंत पडत नाहीत. ते टीव्हीवर लागले की बघतात आणि बघता बघता झोपतात. पंतांचा खरा हंगाम म्हणजे राजे, राक्षस, ड्रॅगन, हवेत तरंगणारे डोंगर असल्या भव्य सिनेमाचा दुसरा भाग. पहिला भाग त्यांच्या फारसा कामाचा नाही, कारण त्याची बरोबरी करायला मागे काही नसतं. दुसऱ्या भागाच्या पाठीशी पहिला भाग असतो, पुढ्यात अफवा असतात, आणि जगात ज्या मोजक्या भाग्यवंतांनी तो आधीच पाहिलेला असतो त्यांच्या दोन-दोन ओळी रात्री-अपरात्री येऊन पडतात. या ओळी तोलणं हे पंतांचं काम. बँकेतली नोकरी ते पगारासाठी करतात.

पंत हे आम्ही ठेवलेलं नाव. बारशाचं नाव वेगळं आहे, पण ते आता पगाराच्या कागदावर आणि सासुरवाडीच्या आमंत्रणपत्रिकेतच काय ते उरलंय.

पंतांची पद्धत शास्त्रोक्त आहे. कौतुक आलं तसं घ्यायचं नाही, हा पहिला नियम. कोणी लिहिलं ‘डोळ्यांचं पारणं फिटलं’, की पंत वहीत टिपतात : कथेत दम नाही. ‘अभिनय उत्तम’ म्हणजे लढाया फसल्या. ‘सेकंड हाफ जबरदस्त’ म्हणजे फर्स्ट हाफमध्ये लोक मोबाइल बघत होते. ‘मास्टरपीस’ दिसलं की लिहिणाऱ्याचा चहा-नाश्ता निर्मात्याकडून झालेला आहे असं धरून चालायचं. उलट कोणी मनापासून शिव्या घातल्या तर पंतांचा चेहरा खुलतो. ‘एवढा राग येतोय म्हणजे सिनेमात काहीतरी आहे!’ पूर्वी स्थळाच्या चौकशीला घरातला एखादा बेरकी मामा जायचा आणि शेजाऱ्यांनी काय सांगितलं यापेक्षा काय सांगायचं टाळलं ते ऐकून यायचा. पंत त्या मामाच्या कुळातले. ‘नायिकेबद्दल एक अक्षर नाही, आलं का लक्षात?’ असं ते डबा खाता खाता विचारतात. लक्षात आलेलं नसतं. पण हो म्हणावं लागतं, नाहीतर दोन वाजेपर्यंत समजावून सांगतात.

त्यांचं खरं तेज आम्ही पाहिलं ते २०१७ च्या एप्रिलमध्ये.

‘बाहुबली’चा पहिला भाग १० जुलै २०१५ ला आला आणि कटप्पाने बाहुबलीच्या पाठीत तलवार खुपसली तिथे आपल्याला टांगून संपला. दुसरा भाग यायचा होता २८ एप्रिल २०१७ ला. मधली पावणेदोन वर्षं अख्खा देश एकच प्रश्न एकमेकांना विचारत होता. लग्नाच्या पंगतीत विचारत होता, सोसायटीच्या सभेत विचारत होता. पंतांनी मात्र पहिला भाग बघून ठाण्याला परतताना, लोकलमध्ये उभ्या उभ्याच उत्तर देऊन टाकलं होतं. ‘कटप्पा सिंहासनाचा गुलाम आहे. सिंहासनाचा हुकूम आला, त्याने मारलं. शिवगामीने सांगितलं असणार.’ आम्ही हसलो. इतकं सोपं असतं तर राजामौलींनी दोन वर्षं कशाला लटकवून ठेवलं असतं?

१६ मार्चला ट्रेलर आला आणि पंतांनी नवी वही काढली. एप्रिल लागला तसा कर्नाटकात कटप्पा झालेल्या सत्यराज यांच्या कावेरीवरच्या जुन्या बोलण्यावरून विरोध पेटला. पंत चिंतेत. त्यांना कावेरीच्या पाण्याची चिंता नव्हती. बंगळुरातून पहिल्या दिवशीचा अंदाज येणार की नाही याची होती. सत्यराज यांनी दिलगिरी व्यक्त केली तेव्हा सुटकेचा एवढा मोठा सुस्कारा आमच्या शाखेत दुसऱ्या कोणी टाकला नसेल.

मग आखाताकडून पहिलं मत आलं. तिकडच्या सेन्सॉर मंडळावर असल्याचं सांगणाऱ्या एका गृहस्थांनी सिनेमाला पाचपैकी पाच तारे देऊन टाकले. आम्ही उड्या मारतच पंतांच्या टेबलाशी गेलो. पंतांनी चष्मा पुसला. ‘आखाती पाच म्हणजे देशी साडेतीन,’ ते म्हणाले. हा विनिमयदर त्यांनी कुठून काढला हे विचारायची आमची हिंमत झाली नाही. ते परकीय चलनाच्या काउंटरवर बसायचे, असेल काही हिशेब. ‘आणि हे बघा, सगळं चांगलं लिहिलंय. एकही दोष नाही. दोष नाही असं माणूस कधी लिहितो? एक तर सिनेमा पाहिला नसेल तर, नाहीतर झोपला असेल तर.’

पंतांचा भरवसा खरा होता तो २७ तारखेच्या रात्रीवर. मुंबईत मोठा प्रीमियर ठरलेला होता. हिंदी आवृत्तीमागे करण जोहर होते, म्हणजे अर्धी फिल्म इंडस्ट्री येणार आणि मध्यरात्रीपर्यंत तोलायला भरपूर माल मिळणार. पण त्याच दिवशी विनोद खन्ना गेले. प्रीमियर रद्द झाला, आणि व्हायलाच हवा होता. पंत खन्नांचे जुने चाहते. ‘मेरे अपने’मधला श्याम त्यांना आजही तोंडपाठ आहे. ते खरोखरच गप्प झाले. दुपारी डबाही खाल्ला नाही. संध्याकाळी निघताना मात्र अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘मुंबईचा अंदाज गेला. आता सगळी भिस्त अमेरिकेवर.’

अमेरिकेत आदल्या संध्याकाळचे खेळ होते. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. पंत चार वाजता उठले, दात घासले, चहा ठेवला आणि फोन घेऊन बाल्कनीत बसले. सहाच्या सुमारास त्यांनी आम्हा सगळ्यांना निरोप पाठवला : ‘डॅलसमध्ये फर्स्ट हाफ संपला. वातावरण अनुकूल.’ निवडणुकीचे निकाल सांगावेत तसा मजकूर. त्यांचा एक चुलतभाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो. तिथे शेजारपाजार तेलुगू, म्हणून तोही खेळाला गेला होता. पंतांनी त्याला चार प्रश्न लांबलचक लिहून विचारले. उत्तरादाखल त्याने नुसता अंगठा पाठवला. या अंगठ्यावर पंतांनी पाऊण तास घालवला. आवडला असता तर दोन अंगठे आले असते. नसता आवडला तर काहीच आलं नसतं. शिवाय अंगठा खेळ संपल्यावर वीस मिनिटांनी आलेला, म्हणजे गाडीपर्यंत जाताना बोलण्यासारखं काहीतरी होतं. की पार्किंग लांब होतं?

घात मात्र केला तो दुसऱ्याच एका ओळीने. कुणीतरी लिहिलं होतं, ‘कटप्पाचं उत्तर तुम्ही स्वप्नातही कल्पिलं नसेल.’ पंतांनी तर कल्पिलेलं होतं. तेही लोकलमध्ये, फार पूर्वी. तेव्हा त्यांनी नियमाप्रमाणे पुराव्यापुढे मान तुकवली आणि आंघोळीला जायच्या आधी स्वतःचं उत्तर मागे घेतलं. वहीत नवं उत्तर लिहिलं : मारणारा कटप्पा नव्हे, कटप्पाचं सोंग घेतलेला कोणीतरी.

वहिनी हे सगळं शांतपणे बघत होत्या. त्यांनी एकच विचारलं, ‘अहो, तिकिटं काढलीत ना?’

‘बुकिंग उघडलं त्याच मिनिटाला काढली.’

‘मग आता सिनेमा वाईट आहे असं कळलं तर जायचं नाही का?’

‘जायचं नाही म्हणजे? तिकिटाचा आणि याचा काय संबंध?’

मला वाटतं पंत समजून घ्यायचे असतील तर हे एक वाक्य पुरेसं आहे. सगळ्या जगाचा कौल गोळा करून ते जे ठरवणार असतात ते त्यांनी आधीच ठरवलेलं असतं, पैसेही भरलेले असतात.

सिनेमाला मी त्यांच्या शेजारीच होतो. सुरुवातीलाच उधळलेला हत्ती येतो आणि प्रभास त्याच्या सोंडेवरून वर चढतो, तेव्हा थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. पंत माझ्या कानाशी ओरडले, ‘डॅलसवाल्याने हत्ती लिहिला होता!’ प्रभास तोंड उघडे तेव्हा ते न चुकता सांगत, ‘हिंदी आवाज आपल्या शरद केळकरचा.’ मध्यंतरात सामोसा हातात धरून ते लोकांचे चेहरे वाचत फिरले. आणि मग तो प्रसंग आला. इतकी वर्षं झाली, आता सांगायला हरकत नाही : भल्लाळदेव आणि बिज्जलदेवाच्या कपटाला फसून शिवगामीच हुकूम देते, आणि सिंहासनाशी बांधलेला कटप्पा तो पाळतो. थिएटरात टाचणी पडली तर ऐकू आली असती. त्या शांततेत पंतांनी कपाळावर हात मारून घेतला. ‘मी म्हटलं होतं! लोकलमध्ये म्हटलं होतं!’

‘सकाळी खोडलंत,’ वहिनी पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

बाहेर आल्यावर आम्ही विचारलं, ‘पंत, कसा वाटला?’ पंत विचारात पडले. ‘अमेरिकेचं बरोबर निघालं. हैदराबाद जरा जास्त बोललं. एडिसनचा अंगठा न्याय्य होता.’ अहो, पण तुम्हाला कसा वाटला? ‘तेच सांगतोय ना.’ पुढे त्या सिनेमाने जगभरात हजार कोटींचा टप्पा ओलांडला, भारतीय सिनेमात पहिल्यांदाच; नुसत्या हिंदीनेच पाचशे कोटींच्या वर धंदा केला. म्हणजे आखाती पाच तारे शंभर टक्के खरे ठरले. ही गोष्ट पंतांच्या फार जिव्हारी लागली. महिनाभर ते विनिमयदराबद्दल अवाक्षर बोलले नाहीत.

‘अवतार’च्या वेळी त्यांनी जास्त तयारी केली. पहिला भाग २००९ चा, दुसरा २०२२ चा, मध्ये तेरा वर्षं. एवढ्या काळात पंतांचे केस गेले आणि ते शाखाधिकारी झाले. ६ डिसेंबरला लंडनला प्रीमियर झाला, आणि दोन-दोन ओळींची मतं लगेच सुटली. सविस्तर परीक्षणांवर १३ तारखेपर्यंत बंदी, सिनेमा आपल्याकडे १६ ला. या तारखा पंतांनी कॅलेंडरवर एकादशीच्या चौकटींशेजारी लिहून ठेवल्या. ६ ते १३ हा त्यांच्या मते सर्वांत शुद्ध काळ, कारण तेव्हा कोणाला कारण द्यावं लागत नाही. सिनेमा तीन तास बारा मिनिटांचा होता. मध्येच उठून जायचं तर खुशाल जा, असं खुद्द जेम्स कॅमेरूननीच सांगून टाकलेलं. तरी नक्की कुठल्या मिनिटाला उठावं याबद्दल लंडनकरांनी काही सूचित केलंय का, हे पंत दोन रात्री शोधत होते. आपल्याकडे मध्यंतर असतं हे त्यांना वहिनींनी सांगितलं.

पण यावर कडी झाली ती गेल्या खेपेला. ३१ ऑक्टोबर २०२५ ला ‘बाहुबली’चे दोन्ही भाग जोडून, कापून-छाटून, पावणेचार तासांचा एकच सिनेमा पुन्हा थिएटरात आला. नाव ‘द एपिक’. दोन्ही भाग पंतांना पाठ आहेत. कटप्पाने का मारलं हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नवीन म्हणावं असं फारसं काही नव्हतं. होतं तेच कमी केलेलं. आणि तरी आदल्या रात्री उशिरा मला पंतांचा फोन आला.

‘काही कळलं का?’

‘कशाचं?’

‘एपिकचं हो. लोक म्हणतायत शेवट जोरदार आहे.’

मी म्हटलं, पंत, शेवट तोच आहे. पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही, नुसती पानं उलटल्याची सळसळ. ‘तोच आहे असं कोणी लिहिलेलं नाही,’ ते म्हणाले.

तुमच्याही ऑफिसात किंवा सोसायटीत एखादे अंदाजपंत असतील. पुढचा मोठा दुसरा भाग आला की त्यांना सिनेमा कसा आहे हे मुळीच विचारू नका. तिकिटं मात्र त्यांनाच काढायला सांगा. कुठल्या थिएटरचा आवाज फाटतो, कुठल्या रांगेतून पडदा सरळ दिसतो आणि कुठल्या खुर्चीवर एसीचा झोत येतो, याबाबतीत त्यांचा अंदाज आजवर एकदाही चुकलेला नाही.