सामरीकाका

मोहन नगरात सिनेमाचा विषय काढण्याआधी लोक इकडेतिकडे पाहून घेतात. काका जवळपास असले तर चहा गार होतो. काका भिलाई स्टील प्लांटमधून रिटायर झाले. उभा जन्म इन्स्पेक्शनमध्ये गेला. रूळ पास की रिजेक्ट, हे ठरवण्यात. आता हाताशी रूळ नाहीत, म्हणून रामसे बंधूंचे भुताचे सिनेमे तपासतात.

सत्यजित राय, गुरुदत्त वगैरे मंडळींबद्दल त्यांची तक्रार एकच. "चांगलेच आहेत ना ते. मग आपण काय बोलायचं?" समीक्षकाचा कस लागतो तो 'पुराना मंदिर'वर. 1984 च्या या सिनेमात सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं धडावेगळं करून पेटीत बंद करतात. इथे लोक घाबरतात, काका भडकतात. "एवढं डेंजर मटेरियल ठेवून राहिले, अन् स्टोअरच्या रजिस्टरात एन्ट्री नाही! चार्ज कोणाकडे? याला भुताटकी नाही म्हणत बावा, हा सरळ सरळ निष्काळजीपणा आहे."

त्यात सदाशिव अमरापूरकरही आहेत, आदल्याच वर्षी 'अर्धसत्य'चा रामा शेट्टी गाजवून आलेले. मी कौतुकानं 'अर्धसत्य'चं नाव काढलं, तर काका म्हणाले, "त्यात तो खुर्चीत बसून बोलला. मेहनत इथे केली."

रामसेंच्या घराबद्दल मात्र त्यांना मनापासून आदर. वडिलांचं कराचीत रेडिओचं दुकान. फाळणीनंतर मुंबई गाठली. पुढे सात भावांनी कॅमेरा, साउंड, पटकथा, दिग्दर्शन आपसात वाटून घेतलं. "सगळी डिपार्टमेंटं घरात. एक टेंडर काढलं नाही!" 'दो गज़ ज़मीन के नीचे'चं शूटिंग महाबळेश्वरला झालेलं. काकूंना फिरायला म्हणून तिथे नेलं आणि रामसेंनी कोणत्या बंगल्यात कॅमेरा लावला ते विचारत काका गावभर हिंडले. स्ट्रॉबेरी काकूंनी एकटीनंच खाल्ली. हा विषय त्या घरात अजून मिटलेला नाही.

रामसेंबाहेरचे सिनेमेही काकांच्या तपासणीतून सुटत नाहीत. दारासिंगचा 'चाँद पर चढ़ाई' 1967 चा. आर्मस्ट्राँग दोन वर्षांनी चंद्रावर उतरला, याला काका 'लेट रिपोर्टिंग' म्हणतात.

कॉलनीतली पोरं असे सिनेमे मोबाइलवर लावून खिदळतात, तेव्हा काकांचा चेहरा पडतो. खरं सांगायचं तर मीही खिदळणाऱ्यांतलाच. पण काकांना सामरीचं हसू येत नाही. त्यांच्या लेखी तो ड्युटीवरचा माणूस आहे: रात्रपाळी, जड मेकअप, संवाद जवळपास नाहीत, तरी कामात कुचराई नाही. परवा पुतण्यानं कॉम्प्युटरवर बनवलेल्या भुताचा नवा सिनेमा दाखवला. काका दहा मिनिटांत उठले. "रिजेक्ट. भुताला वजनच नाही."

मग नेहमीप्रमाणे सामरी झालेल्या अजय अग्रवालवर आले. मूळ नाव अनिरुद्ध, रुडकीला सिव्हिल इंजिनीअरिंग शिकलेला. "एवढा शिकलेला, एवढा उंच माणूस! आपल्या प्लांटात लागला असता तर जनरल मॅनेजर होऊन रिटायर झाला असता."

आतून काकूंचा आवाज आला, "अन् तुमच्या प्रमोशनची फाइल एका दिवसात निघाली असती."