गोलाईचे नाना

नाना मूळचे लातूरचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, नांदेडला तरोडा नाक्याकडं घर बांधलं, रेशनकार्डही इथलंच. जीव मात्र अजून लातूरच्या गंजगोलाई बाजारात. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं आखलेली ती गोलाई, मधोमध जगदंबेचं देऊळ आणि चहूकडं फुटलेले १६ रस्ते. ‘कोणत्याबी रस्त्यानं घुसा, पिशवी भरल्याबिगर भायेर निघता येत न्हाई,’ असं नाना सांगतात. नांदेडात माणूस सरळ दुकानात जातो आणि सरळ घरी येतो, ही त्यांची खरी तक्रार.

मग उशीर स्वतःच करावा लागतो. काकूंनी सहा जिन्नस सांगितले की नाना एका खेपेला दोनच आणतात. जिरं आलं, मोहरी राहिली. काकूंना वाटतं, वयामुळं विसरायला लागलेत. दुकानदार शेठजींना खरं ठाऊक आहे, पण त्यांना धंदा करायचा आहे.

दुकानात शिरताच हात मनगटापर्यंत पोत्यात. ज्वारी मालदांडीच का, हे विचारायचं आणि उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही. तूरडाळ तळहातावर घेऊन फुंकर, एक दाणा दाताखाली. ‘कट्’ वाजला तर पास. गुळाच्या ढेपेचा खडा जिभेवर, करडईच्या तेलाचा थेंब बोटावर चोळून नाकाशी, जाता जाता चार शेंगदाणे. पुन्हा घरी न्याहारीला बसतातच.

“कशी द्यायलाव तूर?”

शेठजी कालचाच भाव सांगतात. नाना कालच्याइतकेच हादरतात. “मोंढ्यात काय भाव चालू हाय, म्हाईत हाय का?” शेठजींना माहीत असतं. नानांना नसतं. दोन रुपये सुटतात आणि नाना पाव किलो घेतात.

२०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळालं. डाळ, चिंच, कोथिंबीर: म्हणजे जवळजवळ अख्खी आमटीच सरकारमान्य झाली! नानांनी बातमीचं कात्रण खिशात ठेवलं आणि आठवडाभर गल्लीत अभिनंदन स्वीकारलं. लातूरची डाळ लातूरच्याच पाण्यात शिजते, हा त्यांचा सिद्धान्त आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात ते पाणी मिरजेहून रेल्वेनं येत होतं, हे त्यांच्यासमोर कुणी काढत नाही.

मागच्या महिन्यात पुण्याच्या लेकानं मोबाईलवरून मागवलेली किलोभर डाळ थेट दारात आली. सीलबंद. ना फुंकर, ना घासाघीस. नानांनी पुडा दोनदा उलटासुलटा केला आणि चपला घातल्या.

“शेठजी, जरा तपासा ही.”

शेठजींनी पुडा फोडला, दाणा चावला. “चांगली हाय की.”

“चांगली?” नानांचा चेहरा उतरला. “काट्यावर टाका बरं.”

काटा बरोबर एक किलोवर थांबला. नानांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“पाच ग्रॅम तरी कमी भरायची की हो!”

शेठजींनी स्टूल पुढं सरकवलं, पोराला चहा सांगितला. चहा येईपर्यंत नानांचा हात शेजारच्या पोत्यात गेलेला होता.

“ही कशी द्यायलाव?”