दुसरी मांजर

ऑपेरात सोप्रानो प्रेमात पडते, वेडी होते, क्षयाने मरते. मेझो-सोप्रानो तिला शाल आणून देते. आवाजाची पट्टी जरा खालची असली की भूमिकाही खालच्याच पायरीवरची. ‘कार्मेन’ तेवढी सुटली. पण कार्मेन प्रत्येकीच्या वाट्याला कुठे येते? एका मेझो बाईंच्या वाट्याला ‘मादाम बटरफ्लाय’मधली मोलकरीण सुझुकी आली. मोझार्टच्या ‘फिगारो’त तर केरुबिनो हा पोरगा व्हायचं आणि त्या पोरग्याने पुन्हा बाईचा वेष घ्यायचा! बाई तक्रार करत नाहीत. कार्यक्रमपत्रिकेत आपलं नाव किती बारीक छापलंय, तेवढं चष्मा लावून बघतात.

बाईंना न्याय मिळतो तो थेट वन्स मोअरला. ‘मांजरांचं द्वंद्वगीत’: दोन आवाज, एक पियानो आणि शब्दही एकच, म्याँव. नाव रोस्सिनीचं लागतं. प्रत्यक्षात 1825 मध्ये ‘जी. बेर्थोल्ड’ या टोपणनावाआडून, बहुधा रॉबर्ट पिअरसल या इंग्रज संगीतकाराने, मुख्यतः रोस्सिनीच्या 1816 च्या ‘ओथेल्लो’तल्या चाली उचलून ते जुळवलं. म्हणजे संशयाने बायकोचा जीव घेणाऱ्याच्या गोष्टीतलं संगीत मांजरांच्या तोंडी. लोकांना यात विनोद दिसतो. बाईंना औचित्य दिसतं.

तालमीला सोप्रानो मजेत येते, बाई पेन्सिल घेऊन येतात. त्यांच्या प्रतीवर प्रत्येक म्याँवखाली खूण असते: संशय, लाडीगोडी, पश्चात्ताप. ‘‘दुसरं म्याँव तू फार गोड घेतेस,’’ त्या सोप्रानोला बजावतात. ‘‘तिथे मी तुझ्या बशीतलं दूध प्यायलेय.’’ पियानोवाला खाली बघून पानं लावत बसतो. आपल्या जुगलबंदीत समोरच्याच्या तानेला मान तरी डोलवावी लागते; इथे उघड नखं काढायची मुभा आहे.

1967 साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये पियानोवादक जेराल्ड मूर यांच्या निरोपाच्या मैफलीत एलिझाबेथ श्वार्त्सकोफ आणि व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस यांनी हेच गायलं. ती ध्वनिमुद्रिका बाईंकडे आहे, पण विषय काढू नये. दोघीही सोप्रानो! मेझोच्या हक्काची एकुलती एक मांजर, तीही पळवली.

मैफलीत सोप्रानो डोळे मिचकावते, पंजा चाटल्यासारखं करते. बाई ताठ उभ्या, चेहरा बाखचं पॅशन गायला आल्यासारखा. त्यांच्या तोंडून निघणारं म्याँव इतकं दुखावलेलं असतं, की सभागृह हसून कोलमडतं. सोप्रानोलाही हसू फुटतं, श्वास तुटतो, वरचा सूर हुकतो. तो बाई घेतात. त्यांचा नसलेला, कागदावर दुसरीच्या नावाने लिहिलेला, आणि नको तितका वेळ धरून ठेवतात.

टाळ्यांत पुष्पगुच्छ येतो. एकच. देणारा पोरगा सवयीने सोप्रानोकडे वळतो आणि बाई फिस्कारतात. हे नोटेशनमध्ये कुठेच नाही.