सेवेचा अधिकृत नमुना

बाळापुरात वाढदिवसानिमित्त रुग्णालयात फळवाटपाची जी पद्धत रूढ झाली आहे, ती अनुकरणीय आहे. एक केळं, त्याला नऊ हात आणि मागे दहा फुटी फ्लेक्स. "भाऊ, केळं वर धरा, तुमचा हात दिसून नाही राह्यला!" एवढीच काय ती सूचना, बाकी शिस्तच शिस्त.

हे शास्त्र माहीत नसल्याने जुन्या लोकांचे फार नुकसान झाले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि १९४२ साली तिकडेच वारले. सोबत साधा फोटोग्राफर नेला नाही! अखेर १९४६ साली व्ही. शांताराम यांना सिनेमा काढून ती उणीव भरावी लागली. गाडगेबाबा तर गाव झाडून, खराटा उचलून पुढच्या गावाला चालू लागत.

सबब, यापुढे फोटोविना केलेली सेवा विनापरवाना समजून दंड आकारावा. रुग्ण नसल्यास कार्यक्रम अडू नये. बाळापूरने तीही सोय केली आहे: मागच्या खेपेस खाटेवर कण्हणारा रुग्ण फोटो होताच उठला, केळं सोललं आणि फ्लेक्स गुंडाळून पुढच्या वॉर्डात आजारी पडायला गेला.