माळ्याचा चाकू

जुन्या 'स्वतः शिका' छापाच्या भाषेच्या पुस्तकांतली माणसं कधी नीट पाहिलीत का? सगळी खात्यापित्या घरची. काकांचं घर असतं, घराला बाग असते, बागेला माळी असतो आणि माळ्याकडे चाकू असतो. तो चाकू माळी काकांच्या मुलाला देतो, मुलगा शेतकऱ्याच्या बहिणीला देतो आणि ती बाई पुढच्या पानावर तो राजाला देऊन मोकळी होते. पोलिसांत कुणी जात नाही. लेखकाला त्या चाकूशी काही देणंघेणं नसतं. त्याला षष्ठी आणि चतुर्थी उरकायची असते.

नव्या पुस्तकांतल्या माणसांच्या मालकीचं काहीच नाही. खोली भाड्याची, सायकल भाड्याची, चाकू हॉटेलचा. आना, मार्को आणि युकी असे तीन देशांचे तिघं कॅफेत भेटतात, एकमेकांचे छंद विचारतात, बिल वेगवेगळं करा म्हणून सांगतात आणि धडा संपतो. 'आजारपण' या धड्यात मार्कोचा घसा दुखतो, पण पान उलटेपर्यंत तो पोहायला गेलेला असतो.

आमच्या आजोबांच्या पिढीचं इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेलं. मराठी वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा. त्यातून तयार झालेली माणसं अर्ज असा लिहीत, की वाचून साहेबाने उभं राहावं; आणि तोच साहेब समोर आला की 'येस सर'च्या पुढे त्यांना शब्द फुटत नसे. मग रॅपिडेक्स आलं. जाहिरातीत कपिल देव, आत साठ दिवसांचा कार्यक्रम. आमच्या वाड्यात एक जण रोज दाढी करताना आरशाला इंग्रजीत खुशाली विचारायचा. आरसाही बापडा तेच विचारायचा, त्यामुळे संभाषण पुढे सरकत नसे.

जुन्या पुस्तकांचा खरा मान मात्र फ्रान्सने केला. आल्फाँस शेरेल नावाच्या गृहस्थांनी १९२९ साली 'असिमिल'चं पहिलं पुस्तक काढलं, फ्रेंचांना विनासायास इंग्रजी शिकवणारं. त्यात सुरुवातीलाच भेटणारा श्रीमंत शिंपी तिकडे म्हणीसारखा रूढ झाला. पुढे यूजीन आयनेस्को असिमिलवरून इंग्रजी शिकायला बसला. त्याला आढळलं, की पुस्तकातली बायको नवऱ्याला सांगते आहे, आपलं आडनाव स्मिथ, आपण लंडनजवळ राहतो, आपल्याला मुलं आहेत. नवराही हे सगळं नव्याने कळल्यासारखं ऐकून घेतोय. आयनेस्कोच्या इंग्रजीचं पुढे काय झालं ते राहू द्या, त्याला नाटक सापडलं. 'टकली गायिका' १९५० साली पॅरिसच्या रंगभूमीवर आलं आणि १९५७ पासून तिथल्या युशेत थिएटरात त्याचा मुक्काम आहे. आना-मार्को-युकीवर कोण नाटक लिहील? बिल वेगवेगळं केल्यावर संघर्षच उरत नाही.

माझ्याकडचं जर्मन 'टीच युअरसेल्फ' मालिकेतलं आहे. मालिका १९३८ साली इंग्लंडात सुरू झाली, माझी प्रत बरीच नंतर अप्पा बळवंत चौकाजवळच्या फुटपाथवर पोचली. ही पुस्तकं इंग्रजांसाठी लिहिलेली. आपण नुसते त्यांच्या खुर्चीत बसून वाचतो. निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं, तीही तीन, ही बातमी लेखक इतक्या हळुवारपणे देतो, की घरात काही वाईट घडलंय असं वाटावं. ज्याच्या घरात खुर्ची 'ती', पलंग 'तो' आणि कपाट 'ते', त्याने कशाला हबकायचं? विभक्त्यांचंही तेच. शाळेत 'रामः रामौ रामाः'पासून संबोधनापर्यंत आठ ओळी घोकलेल्या माणसाला जर्मनच्या चार म्हणजे अर्धी सुट्टीच. उलट याच मालिकेतलं मायकल कूलसन यांचं १९७६चं संस्कृतचं पुस्तक उघडा. आरंभीच संधीचे नियम असे अंगावर येतात, की अनेक साहेब तिथूनच परत गेले असणार. तेवढा एक सूड आपल्याकडून उगवला गेलाय.

प्रतीच्या आधीच्या मालकाची पेन्सिल हा त्या पुस्तकातला सगळ्यात वाचनीय मजकूर. पहिल्या धड्यात प्रत्येक शब्दाखाली मराठी अर्थ, बारीक, देखण्या अक्षरात. चौथ्यात फक्त अवघड शब्दांखाली. सातव्यात विशेषणांच्या प्रत्ययांशेजारी उद्गारचिन्ह. नवव्यात धोब्याचा हिशेब. त्यापुढची पानं कोरी करकरीत. नवं पुस्तक जुन्या बाजारात घेतलं, तर रिकाम्या जागा आधीच शाईने भरलेल्या असतात, त्याही चुकीच्या. आणि पानाच्या तळाशी छापील शाबासकी असतेच. नवं पुस्तक सारखं पाठ थोपटतं. तुम्ही नाव सांगितलंत, वा! तुम्ही पाणी मागितलंत, वा वा! जुन्याने मला एकदाही बरं म्हटलेलं नाही. वीस ओळींचं कोष्टक देऊन ते फक्त एवढंच सुचवतं, की हे पाठ झाल्याशिवाय पान उलटू नये.

उच्चारांत मात्र जुन्याची फजिती होती. जर्मनमधला दोन टिंबांचा 'उ' काढायचा तर ओठांचा शिट्टीसाठी करतो तसा चंबू करायचा आणि आतून 'ई' म्हणायचं. मी खिडकीशी उभा राहून सराव करत होतो, तर स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "अहो, कुणाला शिट्टी मारताय?" नव्या पुस्तकात असला प्रसंग येत नाही. क्यूआर कोड, कोडमागे ॲप, ॲपमागे पासवर्ड. तो मिळेपर्यंत 'उ' शिकायची हौस फिटलेली असते.

युरोपच्या कौन्सिलने २००१ साली भाषाज्ञानाच्या ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या जाहीर केल्या. तेव्हापासून पुस्तकांच्या पाठीवर वर्ष नाही, इयत्ता असते. आपल्याकडे लग्नाला ३६पैकी १८ गुण जुळले की भागतं. जर्मन वकिलातीला १००पैकी ६० लागतात. काही अपवाद सोडले, तर २००७पासून जोडीदारामागे तिकडे जायला ए-वन पास व्हावं लागतं. माझी भाची अपवादात बसत नव्हती. आना-मार्को-युकीच्या जोरावर तिने परीक्षा काढली आणि स्टुटगार्टला गेली. तिथे ती खरंच कॉफी मागवते, खरंच स्टेशन विचारते. त्या बाबतीत नव्या पुस्तकाला मानलं पाहिजे. माझ्या पुस्तकावर ती गेली असती, तर अजून विमानतळावर माळी शोधत असती.

मग एके दिवशी व्हॉट्सॲपवर पत्राचा फोटो आला. "मामा, घरमालकीणबाईंनी दारात ठेवलंय. यातलं फक्त माझं नाव कळतंय. वाच ना!" पत्र कसलं, एकच वाक्य, अर्धं पान व्यापून बसलेलं, क्रियापद पार शेवटी दडवलेलं. मला आनंदाने भरून आलं. ही तर माझ्या घराण्याची बाई! चष्मा लावून मी एकेक विभक्ती वेगळी केली. कोण, कुणाला, कशामुळे, कोणाच्या शांततेचा. तासाभराने निकाल सांगितला: तिकडे रविवार शांततेचा असतो, आणि रविवारी सकाळी तुमच्याकडून यंत्राची घरघर येते.

"यंत्र? आमच्याकडे कुठलं यंत्र?"

"डोसे कधी करता?"

पलीकडे शांतता.

भाचीने खाली जाऊन बाईंना कॉफीचं आमंत्रण दिलं. ते तिला तिसऱ्या धड्यातच आलं होतं. बाई आल्या, डोसा खाल्ला आणि अस्सल श्वाबियन बोलीत अर्धा तास बोलत राहिल्या. भाचीने फोन चालू ठेवून मलाही ऐकवलं. माझ्या पुस्तकात ती भाषा नव्हती, तिच्याही नव्हती. दोघांनी मिळून एक अंदाज बांधला, आणि आता त्यांच्याकडे रविवारची चटणी शनिवारीच वाटून ठेवतात.