व्याघ्रदर्शन आणि वाजवी भाडे

मराठवाड्यातील मनुष्य मुक्कामाचे पैसे मोजण्यास स्वभावतःच नाखूष असतो, आणि या नाखुषीला कृपणतेपेक्षा इतिहासच अधिक जबाबदार आहे. निजामी अमदानीत दौऱ्यावर निघालेल्या अव्वल तालुकदारापासून त्याच्यामागे दप्तराचा बस्ता वाहणाऱ्या चपराशापर्यंत सर्वांची सरबराई गावाने करावी असा दस्तूर होता. वाटसरूस धर्मशाळा किंवा मुसाफिरखाना होता, वारकऱ्यास मठ होता, आणि ज्यास यांपैकी काहीच नव्हते त्यास मावसबहिणीचे सासर होते. नांदेडात तर सचखंड श्री हुजूर साहिबच्या लंगरात आल्यागेल्याने जात, गाव वा प्रयोजन न सांगता पंगतीस बसावे आणि तृप्त होऊन उठावे, ही व्यवस्था आजतागायत चालू आहे. ज्या शहरात पोटभर अन्नाचा दर शून्य रुपये आहे, तेथील नागरिकास ‘न्याहारीचे पैसे वेगळे पडतील’ हे वाक्य अवमानकारक वाटले, तर दोष कोणाचा?

लातूरची गोष्ट निराळी. शिकवण्यांच्या ‘लातूर पॅटर्न’ची कीर्ती दिगंत पसरून विद्यार्थी लोटू लागल्यापासून त्या शहराने निवासाचे मूळ परिमाण म्हणून खोलीस बाद करून ‘कॉट’ मुक्रर केली आहे. एका खोलीत किती कॉट मावतात हा तेथील गणिताचा पहिला धडा असून तो शिकविण्यास कोणत्याही शिकवणीची गरज पडत नाही. त्यामुळे लातूरकर जगात कोठेही उतरला तरी भिंतीपासून भिंतीपर्यंत नजरेनेच माप घेतो, आणि एवढ्या जागेत केवळ दोघांनाच झोपविणाऱ्या मालकाच्या व्यवहारज्ञानाविषयी मनोमन हळहळतो.

या दोन परंपरांचे दोन प्रतिनिधी, नांदेडचे एक निवृत्त नायब तहसीलदार आणि लातूरच्या भुसार बाजारातील त्यांचे व्याही, यांनी ताडोब्यास जाण्याचा बेत केला, तेव्हा आरंभ अर्थातच वाघापासून न होता खोलीभाड्यापासून झाला. ताडोबा हे १९५५ साली स्थापन झालेले महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान; त्यास अंधारीचे अभयारण्य जोडून १९९५ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला, आणि त्याच्या गाभ्याचे क्षेत्र सव्वासहाशे चौरस किलोमीटर आहे. यांतील एकही अक्षर नायब तहसीलदारांनी निवासांच्या तुलनेसाठी आखलेल्या तक्त्यात आले नाही. तक्त्याचे रकाने होते ते असे की ‘गरम पाण्याची वेळ’, ‘चादरी बदलतात काय’, ‘प्रवेशद्वारापासून अंतर, मालकाच्या मते’ आणि ‘प्रत्यक्ष अंतर’. शेवटचे दोन रकाने त्यांनी महसुली सेवेतील दीर्घ अनुभवावरून स्वतंत्र ठेविले होते. कारण वनाजवळच्या प्रत्येक निवासाचा मालक प्रवेशद्वार पाचच मिनिटांवर असल्याचे सांगतो, परंतु ती पाच मिनिटे कोणत्या वाहनाची, हे तो सांगत नाही.

साहेबांचा पहिला ओढा साहजिकच सरकारी विश्रामगृहाकडे. तेथील भाडे इतके अल्प असते की देणाऱ्यासच संकोच वाटावा. परंतु ते मिळण्यास शिफारसपत्र लागते, शिफारसपत्रास ओळख लागते, आणि ओळख ही निवृत्तीच्या दिनांकापासून घसाऱ्यास लागलेली मालमत्ता होय. शिवाय सर्व जुळून आले तरी ऐनवेळी कोणा थोरामोठ्यांचा दौरा निघावा आणि आरक्षण रद्दबातल व्हावे, हा अशा विश्रामगृहांचा सनातन धर्मच आहे. मोहर्लीस पर्यटन विकास महामंडळाचे निवास आहे, गावकऱ्यांची घरगुती निवासस्थानेही आहेत, आणि त्यापुढे, ज्यांच्या दरपत्रकाकडे आमच्या या मंडळींनी एकदाच पाहून चष्मा पुसला, अशी मोठी विश्रामधामे आहेत. मोहर्ली की कोलारा, या प्रश्नावर तर उभयतांत असा वाद जुंपला, की जणू सोयरिकीची बोलणी पुन्हा प्रथमपासून सुरू झाली.

“साहेब, खोलीचं राहू द्या, वाघाचा भाव काय ते सांगा,” असे अखेर शेटजी म्हणाले. आणि मुद्द्याची गोष्ट हीच होती. खोलीवर दोनशे रुपये वाचविण्यासाठी आठवडा खर्ची घालणारा गृहस्थ सहा आसनांच्या उघड्या जिप्सीसाठी, तीतील मार्गदर्शकासाठी आणि प्रवेशशुल्कासाठी कित्येक हजार रुपये एका बोटाच्या दाबासरशी भरून मोकळा होतो, कारण तेथे घासाघीस करण्यास समोर कोणी मनुष्यच नसतो. आणि एवढे भरूनही पावतीवर वाघाचा उल्लेख कोठेच नसतो. आडतीत माल न पाहता सौदा करणाऱ्यास वेड्यात काढणाऱ्या शेटजींनी हा सौदा निमूटपणे स्वीकारला.

मात्र दरांच्या चढउताराचा अभ्यास त्यांनी सोडला नाही, आणि मंदीत माल उचलावा या बाजाराच्या सिद्धान्तास अनुसरून त्यांनी दोन अपूर्व शोध लावले. पहिला असा, की सोमवारी रात्रीचे भाडे शनिवारच्या मानाने पुष्कळच कमी असते. दुसरा असा, की जुलै ते सप्टेंबर या काळात तर मालक स्वतः होऊन दूरध्वनी करतो. मंगळवारी उद्यानास सुटी असते आणि १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत गाभाक्षेत्र पर्यटकांस बंद राहते, हे साहेबांनी सांगेपर्यंत शेटजींनी सोमवारच्या चार खोल्यांची बोलणी पक्की करीत आणली होती. सुटीच्या दिवशी गेलो तर वाघ निवांत भेटेल, असा युक्तिवाद त्यांनी त्यानंतरही करून पाहिला.

राहता राहिला फुकटचा पर्याय. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीत साहेबांच्या पुतणीचे बिऱ्हाड होते, आणि तक्त्यात त्या नावापुढे भाड्याच्या रकान्यात त्यांनी समाधानाने शून्य मांडले. त्यांच्या पत्नीने तो तक्ता पाहिला आणि लेखणी मागून घेतली. मग त्या शून्याखाली पुतणीची साडी, जावयाचा आहेर, मुलांचे कपडे, कंधारी खव्याचे पेढे, आणि पुढील मे महिन्यात तेच बिऱ्हाड माहूरच्या रेणुकामातेच्या दर्शनास येऊन नांदेडात किती दिवस राहील याचा अंदाज, अशी बेरीज उतरली; ती पाहून शेटजींनी मोठ्या विश्रामधामाचे दरपत्रक परत मागविले.

पाणवठ्याचा विषय निघाला तेव्हा मात्र शेटजी अंतर्मुख झाले. वैशाखात झाडोरा विरळ होतो, पाणी आटते आणि वाघ उरलेल्या डबक्यात कमरेइतका बुडून बसतो; म्हणून चंद्रपूरच्या त्या भाजणाऱ्या उन्हातच पर्यटकांची झुंबड उडते. लातूरच्या माणसाने हजारो रुपये भरून कोणास पाणी पिताना पाहावे, हा योग विचार करण्याजोगा आहे. २०१६ च्या दुष्काळात, एप्रिल महिन्यात, मिरजेहून दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन ‘जलदूत’ ही रेल्वेगाडी लातूरच्या स्थानकात शिरली, त्यापूर्वी शहरातील पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लागू होते. पाचांहून अधिक माणसांनी पाणवठ्यावर जमावे हा गुन्हा होता, आणि ताडोब्यात सहाजणांनी एका जिप्सीतून जमावे याला शुल्क आहे.

आता यावर कडी म्हणजे, ज्या जिल्ह्यातील वनक्षेत्र एकूण भूमीच्या एक टक्काही नाही त्या लातूरच्या शेजारीच वाघ स्वतः चालत आला. २०२४ च्या डिसेंबरात धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग घाट अभयारण्याच्या कॅमेऱ्यात तो टिपला गेला. येडशी म्हणजे लातूर-कुर्डुवाडी लोहमार्गावरचे स्थानक, आणि ते अभयारण्य अवघे बावीस चौरस किलोमीटरचे. हा प्राणी यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वराहून शेकडो किलोमीटर पायी आला. वाटेत त्याने आरक्षण केले नाही, तक्ता मांडला नाही, उसात व ओढ्यात मुक्काम केला, आणि न्याहारी गावकऱ्यांच्या गोठ्यातून घेतली. जुन्या तालुकदारी दौऱ्याचा दस्तूर इतक्या निष्ठेने पाळणारा पाहुणा मराठवाड्यात कित्येक वर्षांत आला नव्हता.

परंतु त्याच्या दर्शनार्थ कोणी जिप्सी ठरविली नाही. सायंकाळीच दारे लागू लागली, शेळ्या घरात आल्या, निवेदने गेली, आणि त्यास पकडून अन्यत्र न्यावे म्हणून थेट ताडोब्याहून पथक बोलावण्यात आले. शेटजींपुढे साहेबांनी हा पर्याय ठेवला: अंतर जवळ, भाडे नाही, रात्री घरी परत.

“तो वाघ नको,” शेटजी म्हणाले. “त्याला गेट नाही.”

साहेबांनाही ते पटले, कारण प्रवेशपत्र नाही, क्रमांक नाही, वेळ नाही, अशा बेवारस वाघास पाहणे त्यांच्या शासकीय वृत्तीस मानवण्याजोगे नव्हते. त्याच दिवशी मोहर्लीस शनिवारच्या रात्रीच्या दोन खोल्या, कूलरच्या, पूर्ण दराने घेण्यात आल्या. शेटजींनी नातवाच्या जादा गादीचे पैसे तेवढे कमी करून घेतले.